लिंबाखालच्या सहा ओळी

लहानपणी मला हिवताप फार यायचा. पाऊस ओसरला की तो दरवर्षी आमच्याकडे मुक्कामाला यायचा आणि लांबच्या पाव्हण्यासारखा सगळ्या घराला कामाला लावायचा. त्यावरच्या गोळ्या इतक्या कडू असत की मी त्या जिभेवर ठेवायच्या आधीच ओकायचो. आई दिवसभर रानात, तेव्हा औषध पाजायचं काम आक्काकडे. आक्का माझी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. तिने यावर एक युक्ती काढली होती. गुळाचा बोराएवढा खडा घ्यायची, बाभळीच्या काट्याने तो आतून कोरायची, अडकित्त्याने कातरलेली गोळी त्यात भरायची आणि ओल्या अंगठ्याने वरचं तोंड लिंपून टाकायची. मग मला बजावायची, "चावायचं न्हाई. गिळायचं."

मी अर्थातच चावायचो. आत काय आहे ते बघायची मला तेव्हापासून वाईट खोड. तिसऱ्या वेळी मी सगळा ऐवज तिच्या परकरावर थुंकला, तेव्हा तिने दोन खडे केले. एक भरलेला, एक नुसताच गुळाचा. कुठला कुठला ते सांगणार नाही म्हणाली. मी घाबरून दोन्ही न चावता गिळले. त्यामुळे एक खडा निव्वळ गुळाचा होता हे सुख मला कधी भोगताच आलं नाही. माझ्या पुढच्या सगळ्या संशोधनाचा साचा हाच, हे मला फार उशिरा कळलं.

आता ते संशोधन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा हंगामी प्राध्यापक होतो. हंगामी म्हणजे जूनमध्ये उगवायचं आणि मार्चअखेर काढणीला यायचं. कायम व्हायचं तर नावामागे एखादी मोठी पदवी हवी, पदवीला प्रबंध हवा आणि प्रबंधाला विषय हवा. विषय शोधायला म्हणून मी एकदा पुण्याच्या एका ग्रंथालयात जाऊन बसलो. पंख्याखाली डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा पुढ्यातल्या जुन्या अंकाचं जे पान उघडं होतं त्यावर परागकणांबद्दल लिहिलेलं होतं.

पराग म्हणजे फुलातली पिवळी पूड. तिचा एकेक कण डोळ्याला दिसतही नाही. पण त्या कणाला बाहेरून एक कवच असतं आणि ते इतकं चिवट की तेजाब ओतलं तरी विरघळत नाही. जमिनीत गाडलेल्या जुन्यात जुन्या चिखलातही ती कवचं शाबूत सापडतात. आतला गर मात्र धुऊन काढता येतो. मग उरतात ती रिकामी भांडी, सगळी एकाच मापाची, पोटात गेली तरी अपाय न करणारी. अशा भांड्यात औषध भरून देता येईल का, असं कुणीतरी त्या लेखात विचारलं होतं. मी ते वाचलं आणि त्या ग्रंथालयात, दुपारी साडेतीन वाजता, माझ्या तोंडाला गुळाची चव आली.

आमच्या विभागाचे प्रमुख सर शांत स्वभावाचे. माझी सगळी कल्पना त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतली आणि विचारलं, गोळ्यांवर हल्ली साखरेचा मुलामा देतात, हे माहीत आहे ना? खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण हार कशी मानायची म्हणून मी म्हणालो की साखर विरघळते, हे कवच विरघळणार नाही. सर म्हणाले, मग औषध बाहेर कसं येणार? त्यावर मी खिडकीबाहेर बघितलं. सरांना माझी दया आली असावी. त्यांनी कपाट उघडून, आतला गर काढायला लागणारी कॉस्टिक पोटॅशची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि बोटं भाजून घेऊ नकोस एवढंच सांगितलं.

राहिला प्रश्न परागाचा. चिमूटभराने भागणार नव्हतं, वाटीभर तरी लागणार होता. नेमकं त्याच साली आक्काने सूर्यफूल पेरलं होतं.

आक्का दिली होती तिसगावपासून चार मैलांवरच्या एका वस्तीवर. दाजी सुप्याच्या कारखान्यात कामाला, तिकडेच चौघांत खोली करून राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. शेत बघायचे ते तिचे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणायचो. आबा कष्टाळू, तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारे. रानात काय पेरायचं हे ते पेरणीच्या आदल्या दिवशी चहा पिताना एकट्यानेच ठरवत, आणि ते गेली कितीतरी वर्षं बाजरी असंच ठरत आलं होतं. आक्काने त्या घरात अकरा वर्षं बाजरी खुरपली, राखली, कापली, पण काय पेरावं असं तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

त्या साली तिने विचारायची वाट बघितली नाही. रेडिओवर ऐकलेलं आणि शेतीच्या साहेबांनी चावडीपुढे सांगितलेलं मनात धरून तिने आबांकडे विहिरीजवळचा अर्ध्या एकराचा तुकडा मागितला. मी सूर्यफूल करून बघते म्हणाली. आबा म्हणाले, ते पाखरांचं खाणं हाय. ती म्हणाली, मग पाखरं राखीन. आठवडाभर घरात या विषयावर कुणी बोललं नाही, आणि आठव्या दिवशी आबांनी सांगून टाकलं की हे एक साल घे. दाणा भरला तर पुढच्या साली बघू, न्हाई भरला तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. आक्काने हे सगळं मला कार्डावर कळवलं होतं. चौथीपर्यंतचं तिचं अक्षर मोठं आणि ठसठशीत, त्यामुळे एका कार्डात चारच वाक्यं मावत. चौथं वाक्य होतं, "फुलं लागली की तू ये, हाताला हात पायजे."

हाताला हात का, ते मला तिथे गेल्यावर कळलं. सूर्यफुलात दाणा भरायचा तर एका फुलाचा पराग दुसऱ्याला पोचावा लागतो. ते काम मधमाश्यांचं. पण त्या बाजूला माश्या थोड्या, कपाशीवरच्या फवारण्यांनी उरल्या होत्या त्याही पांगलेल्या. म्हणून साहेबांनी सांगितलं होतं की फुलोरा असेपर्यंत सकाळच्या उन्हात तळव्याला तलम फडकं गुंडाळायचं आणि प्रत्येक फुलावरून हलका हात फिरवत जायचं. या फुलाची पूड त्या फुलाला लागते, आणि माशीचं काम माणूस करतो.

मी गेलो तेव्हा आक्का आणि वस्तीवरच्या दोन बायका हेच करत होत्या. आक्काने जुन्या धोतराचं फडकं उजव्या हाताला बांधलं होतं. प्रत्येक फुलासमोर ती क्षणभर थांबायची, डाव्या हाताने देठ सावरायची आणि उजवा हात त्या पिवळ्या तोंडावरून गोल फिरवायची. शाळेत पाठवायच्या आधी लेकराचं तोंड पुसतात तसा. एकही फूल ती चुकवत नव्हती. बांधावर आबा उभे होते. हा सगळा प्रकार त्यांना बायकांचा खेळ वाटत होता, आणि त्यांच्या भुवया ते सांगत होत्या.

आक्काने मला बांधाकडच्या, लिंबाच्या झाडाखालच्या सहा ओळी दिल्या. आता मी शास्त्र शिकलेला माणूस. फडकं बांधून घेता घेता मी तिला परागीभवनावर छोटं व्याख्यान दिलं. सूर्यफुलाचं फूल म्हणजे एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा मेळा असतो, तो कडेकडून आत रोज थोडा थोडा उमलतो, ज्याचा पराग आज सुटतो त्याला उद्या दुसऱ्याचा लागतो. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई छान सांगतोस. आता हात चालव."

मग मी पिशवीतून बिस्किटांचा रिकामा डबा आणि दाढीचा नवा ब्रश काढला. तिने विचारलं हे कशाला. कॉलेजात थोडी पूड न्यायचीय म्हणालो. तिने पिवळ्या रानाकडे नजर टाकली आणि म्हणाली, "ने की. काय कमी हाय का."

तीन सकाळी मी त्या सहा ओळींत घालवल्या. माझी पद्धत अशी: आधी प्रत्येक फुलावरची पूड ब्रशने डब्यात झाडून घ्यायची, अगदी कणही न ठेवता, कारण संशोधनात काटेकोरपणा महत्त्वाचा. मग फडकं बांधलेला हात त्याच फुलावरून आक्कासारखाच हलका, गोल, प्रेमाने फिरवायचा. दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या मागून येऊन बघून गेली आणि म्हणाली, माझा हात तिच्यापेक्षा हलका आहे. मी खूश झालो. लक्षात घ्या, हा माणूस आठवड्यातून चार तास मुलांना परागीभवन शिकवत होता.

चौथ्या दिवशी वाटीभर पराग घेऊन मी परतलो. कानात, भुवयांत, सदऱ्याच्या शिलाईत सगळीकडे पिवळं. तिसगावच्या थांब्यावर एसटीत चढलो तर कंडक्टरने मला आपादमस्तक बघून विचारलं, हळद लागलीय तर एकटेच कुठं निघालात. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, पोरगी पळाली असंल. नगर येईपर्यंत सगळी गाडी माझ्याकडे हळहळून बघत होती, आणि मी डबा छातीशी धरून बसलो होतो.

प्रयोगशाळेत मी परागाचा एक ठिपका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकेक कण धोत्र्याच्या फळासारखा, चहूबाजूंनी काटेरी. इतकं सुंदर काही मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. आता यांच्यातला गर काढायचा. पहिल्यांदा कणांवरचं तेल धुवायचं, मग कॉस्टिक पोटॅशमध्ये थोडा वेळ उकळायचं, मग तेजाब. पहिल्या दोन पायऱ्या झाल्या. कॉस्टिकचं भांडं उतरवून मी गार व्हायला खिडकीत ठेवलं, आणि तेवढ्यात शिपाईमामा सांगत आले की सहामाहीच्या देखरेखीचं वेळापत्रक लागलंय आणि त्यात माझं नाव रोज दोन वेळा आहे. हंगामी माणसाचं नाव नेहमी दोन वेळा असतं.

ते भांडं मी विसरलो. एक दिवस नव्हे, तीन आठवडे. पत्र्याच्या छपराखालची ती खिडकी पश्चिमेची, दुपारी तिथे हात लावला तर भाजायचा. तीन आठवड्यांनी शिपाईमामांनीच आठवण करून दिली. खिडकीत पिठलं कुणी ठेवलंय, विचारत होते.

खरोखर पिठलंच होतं. दाट, गुळगुळीत, मोहरीच्या रंगाचं. ज्या कवचाला तेजाब खात नाही, ज्याला मातीत गाडून युगं लोटली तरी काही होत नाही, त्याचं मी नुसत्या विसरभोळेपणाने पिठलं केलं होतं. सर आले, त्यांनी काचकांडी बुडवून बघितली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. वहीत मी त्या तारखेला दोनच शब्द लिहिले: नमुना खराब. निदान काही कवचं हाती लागतील म्हणून तो लगदा नळाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला. एक थर काचेच्या थाळीत ओतला, आणि काय सांगू, तोही विसरलो.

दोन दिवसांनी थाळीत पापड होता. पातळ, पिवळसर, उजेडात धरला तर आरपार दिसणारा. तो मी सोलून काढला, बोटांत वाकवला, पण मोडला नाही. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून एक तुकडा खिशातल्या डायरीत खूण म्हणून घातला आणि बाकीचा फेकून दिला. फेकून दिला, हे वाक्य मी आज जरा हळू लिहितोय.

त्याच आठवड्यात आक्काचं कार्ड आलं. फुलं वाळलीत, काढणी चालू केलीय, दसरा इकडेच कर. चौथं वाक्य होतं, "आबा रोज फुलं बघत्यात, बोलत न्हाईत."

मी पोचलो तेव्हा अर्धं रान कापून झालं होतं. वाळलेली फुलं खळ्यावर ढीग करून टाकली होती, बडवायची होती. ढिगाशेजारी आबा उकिडवे बसले होते. एकेक फूल थाळीसारखं मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्याने दाणे दाबत कडेकडून आत जायचे. त्यांनी दोन वेगळे ढीग केले होते. आक्का पलीकडे उभी होती, पदर खोचलेला, हातात काठी, पण बडवत नव्हती. मला बघून तिने फक्त मान हलवली. मी गुपचूप पाणी पिऊन बसलो.

आबांनी एक फूल उचलून मला दाखवलं. "बघा पाव्हणं. कडंला भरल्यालं. मधी भरल्यालं. आन् ह्या दोनीच्या मधी नुस्ती फोलं."

मी बघितलं. फुलाच्या काळ्याभोर तोंडावर, कडेपासून दोन बोटं आत, एक फिकट कडं होतं. तिथले दाणे बसलेले, पोकळ, बोटाने दाबले की चुरा. जणू कुणी कंपास लावून ते गोल आखलं होतं. कडेकडून आत रोज थोडा थोडा उमलतो, हे माझंच व्याख्यान मला आठवलं. ते कडं म्हणजे माझ्या तीन सकाळी होत्या.

आबा आक्काला म्हणाले, "सगळी न्हाईत आशी, मान्य. पर इतकी हायेत. आपलं रान ह्याला मानवत न्हाई. बाजरी कधी आसा दगा देती का?"

आक्का म्हणाली, "लिंबाखालच्या ओळी हायेत त्या, आबा. सावली पडती. आन् तिकडं माझाच हात कमी फिरला. दमल्याली हुते."

बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. ब्रश आणि डबा तिने पाहिला होता, व्याख्यान ऐकलं होतं, आणि ती फिकट कडी बघून तिने हिशोब माझ्याआधी मांडलेला होता. तरी दोष स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळी झाली होती. भावाची लाज राहावी म्हणून अकरा वर्षांनी हातात आलेला तुकडा ती सोडून द्यायला निघाली होती. आबांच्या भुवया खाली येत होत्या, आणि त्या पुऱ्या खाली आल्या की विषय संपायचा, हे मला माहीत होतं.

मी आयुष्यात अनेक चुका लपवल्या आहेत, काही तर बऱ्या जमल्या होत्या. ही जमेना. मी उठलो आणि म्हणालो, "आबा, जरा रानात चला."

लिंबाकडची कापणी अर्धीच झाली होती. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मध्ये मी आबांना उभं केलं. दोन्हींवर सारखीच सावली, सारखंच पाणी, अंतर हातभर. सहाव्या ओळीतलं एक फूल त्यांच्याकडे वळवलं, कडं दिसलं. सातवीतलं वळवलं, कडेपासून मध्यापर्यंत गच्च. पुढचं, त्याच्या पुढचं, असं दहा पावलं मी दोन्ही बाजूंना फुलं दाखवत गेलो. डावीकडे कडं, उजवीकडे गच्च.

मग सांगितलं. ब्रश, डबा, तीन सकाळी, सगळं. सांगताना परागकणाचं कवच आणि त्यात औषध भरायचं तेही सांगायला लागलो, पण आबांनी हात वर केला.

"म्हंजे तुमी आदी फुलाचं पीठ काढून घेतलं," ते म्हणाले, "आन् मग त्यावरनं मोकळा हात फिरवला."

"व्हय."

"तीन दिस."

"व्हय."

"काय शिकवता वो तुमी कॉलेजात पोरान्ला?"

"हेच," मी म्हणालो.

आबा हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला केलं आणि सातव्या ओळीत शिरले. एकेक फूल अंगठ्याने दाबत शेवटपर्यंत गेले आणि आठवीतून परत आले. आक्का बांधावर येऊन उभी राहिली होती. तिने पदर उगाचच दोनदा सारखा केला. आबा तिच्यासमोरून जाताना थांबले, पण बघत राहिले ते विहिरीकडे.

"हात फिरवल्याशिवाय भरत न्हाई म्हन की हे."

"न्हाई भरत," आक्का म्हणाली.

"मंग पुढल्या साली चार बायका लावाव्या लागतील. दोघी-तिघींत व्हत न्हाई." आणि ते खळ्याकडे गेले.

आक्का बराच वेळ तिथेच उभी होती. मला वाटलं रडतेय की काय, म्हणून जवळ गेलो, तर हसत होती, पदर तोंडात कोंबून. मला म्हणाली, तू नसतास तर त्यांना फरक कुठं दिसला असता. भरलेलं रान नुसतं भरलेलं दिसतं, शेजारी रिकामं असल्याशिवाय कळत नाही. मी म्हणालो, म्हणजे मी केलं ते बरंच केलं म्हणायचं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आठ वर्षांनी मोठ्या बहिणीचा, खणखणीत. "सहा ओळी खाल्ल्यास माझ्या. बरं केलं म्हनं."

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर तिने विचारलं, तिच्या पुडीचं पुढे झालं तरी काय. मी पिठल्याची गोष्ट सांगितली आणि डायरीतला तुकडा काढून तिच्या तळव्यावर ठेवला. आत्ताच भांडी घासून आलेली, तळवा ओलसर होता. तुकडा जरा वेळ निपचित पडून राहिला आणि मग एका कडेने सावकाश वर उठला, वळला, तिच्या तळव्यात पालथ्या होडीसारखा बसला.

"आरं, हे हालतंय," ती म्हणाली. हात लांब धरून, श्वास रोखून बघत राहिली. जरा वाऱ्यावर धरल्यावर तो परत सपाट झाला. तिने त्यावर हलकी फुंकर घातली, तो पुन्हा वळला. मी तो तुकडा आठवडाभर खिशात घेऊन फिरत होतो आणि मला त्याने एकदाही असं काही करून दाखवलं नव्हतं. अर्थात मी त्याला विचारलंही नव्हतं.

ती म्हणाली, हे कशाच्या कामाचं? मी म्हणालो, कशाच्याच नाही, बिघडलेलं आहे. मग मला राहू दे म्हणाली, आणि तो तिने ओसरीतल्या आरशामागे खोचून ठेवला. जाताना मी विचारलं, माझ्या गोळ्यांचा गूळ आठवतो का. ती म्हणाली, तेव्हापासूनच तू सांगितलेलं सोडून भलतंच करतोस.

त्या कवचात औषध भरायचा नाद मी पुढे दोन वर्षं केला. रिकामी कवचं एकदा खरंच मिळाली, त्यात कडू भरलं, आणि चव बघायला जिभेवर ठेवलं तर सगळा कडवटपणा क्षणात बाहेर. आक्काचा गूळ त्यापेक्षा केव्हाही सरस होता. पदवी शेवटी मी तळ्यातल्या शेवाळावर मिळवली. शेवाळ बिचारं कितीही विसरलं तरी वाढतं. पुढे फार वर्षांनी कुठेतरी वाचलं, की परदेशात आता पराग असाच कॉस्टिकमध्ये मुरवून मऊ करतात, त्याचा कागद करतात, स्पंज करतात, आणि तो कागद दमट हवेत आपोआप वळतो म्हणून त्याचं फार कौतुक आहे. मी ते दोनदा वाचलं, मग जुनी वही काढली आणि "नमुना खराब" याच्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. याहून मोठा दावा मला शोभला नसता.

पण त्या वस्तूचा उपयोग कुणी पहिल्यांदा केला, हे मला पक्कं माहीत आहे. पुढच्या सप्टेंबरात मी गेलो तेव्हा विहिरीजवळचं अख्खं रान पिवळं होतं, गेल्या सालच्या तुकड्याच्या तिप्पट. ओसरीवर आबा आरशासमोर वाकून उभे होते. मला वाटलं मिशा बघतायत. तर ते आरशाच्या कडेला दोऱ्याने टांगलेल्या त्या तुकड्याकडे बघत होते. आक्काने सांगितलं की हवा दमट झाली की तो वळतो, आणि तो वळला की तासा-दोन तासात बहुतेक भुरभुर येते, त्यामुळे वाळवणं वेळेत उचलता येतात. आबा सुरुवातीला हसले होते. आता रोज तेच आधी विचारतात, तुझा पापड काय म्हनतो.

"सपाट हाय," आबा तुकड्याकडे बघत म्हणाले. "चला, ऊन हाय तवर."

रानात चार बायका आधीच कामाला लागल्या होत्या. आक्काने जुनं धोतर फाडून फडकं केलं आणि माझा उजवा हात पुढे घेऊन स्वतः बांधलं. बांधून झाल्यावर माझा हात तिने सोडला नाही.

"खिसं दाव," ती म्हणाली.

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रुमाल निघाला, एसटीचं तिकीट निघालं आणि गुळाचा एक खडा निघाला, वाटेत तोंडात टाकायला घेतलेला. तिने खडा उचलला, उन्हात धरून चारी बाजूंनी नीट बघितला आणि तोंडात टाकला. मग बांधाकडे बोट दाखवून म्हणाली, "लिंबाखालच्या सहा तुझ्या. मागनं येतेच मी."